मार्च महिन्याचा आजार

स्मरणिकेसाठी लेख हवा, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा बालदमा, लसीकरण किंवा परीक्षेच्या काळातील मुलांचा आहार यांपैकी एखादा विषय मी घेईन, अशी त्यांची अपेक्षा असणार. गेली अनेक वर्षे मी तेच करीत आलो आहे. या वर्षी मात्र वेगळ्या विषयावर लिहिण्याची परवानगी मी मागून घेतली. आपण डॉक्टर मंडळी पैसा कसा साठवतो आणि प्राप्तिकर वाचविण्याच्या नादात तो कोठे नेऊन ठेवतो, हा तो विषय आहे. मी अर्थतज्ज्ञ नाही, चार्टर्ड अकाउंटंटही नाही. परंतु या विषयातील अज्ञानाची किंमत किती मोठी असते हे मी जवळून पाहिले आहे आणि त्यातील काही चुका मी स्वतःही केल्या आहेत. म्हणून हे लेखन.

आमचा एक समव्यवसायी मित्र वयाच्या ५१ व्या वर्षी हृदयविकाराने अचानक गेला. स्वतःचे छोटे नर्सिंग होम, उत्तम हातगुण, शहरात नाव. तेराव्यानंतर आठवड्याभराने वहिनी एक जाडजूड फाईल घेऊन आमच्या घरी आल्या. जेवणाच्या टेबलावर त्यांनी एकेक कागद मांडला. विम्याच्या एकूण १३ पॉलिसी निघाल्या. त्यांचा वार्षिक हप्ता होता २ लाख ८० हजार रुपये. वहिनींनी विचारले, "भाऊजी, यातून नक्की किती मिळतील?" मी आणि माझ्या पत्नीने कागद-पेन्सिल घेऊन बेरीज केली. सर्व पॉलिसींचे विमा संरक्षण मिळून ४१ लाख रुपये भरले. नर्सिंग होमवरील कर्ज ६५ लाख रुपये बाकी होते. त्यांतील दोन जुन्या पॉलिसी लग्नापूर्वीच्या होत्या आणि त्यांवर नॉमिनी म्हणून त्याच्या आईचे नाव होते. आईंचे निधन होऊन सहा वर्षे झाली होती.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती मला आजही अस्वस्थ करते. त्या १३ पैकी ११ पॉलिसी मार्च महिन्यात सुरू झालेल्या होत्या. (वहिनींच्या संमतीनेच हे लिहीत आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हा आजार कसा जडला?

निदान करण्यापूर्वी आपण रुग्णाचा पूर्वेतिहास विचारतो, तसा तो येथेही पाहू. २००५ पूर्वी कलम ८८ खाली विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि बचतपत्रांवर करातून सूट मिळत असे. २००५-०६ या आर्थिक वर्षापासून तिच्या जागी कलम ८०सी आले आणि एक लाख रुपयांपर्यंतची गुंतवणूक उत्पन्नातून वजा होऊ लागली. २०१४ च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा दीड लाख झाली. सरकारचा हेतू चांगला होता. लोकांनी दीर्घ मुदतीची बचत करावी, म्हणून हे गोड औषध होते. पण झाले असे की, आपण औषध विसरलो आणि गोडी तेवढी लक्षात ठेवली.

फेब्रुवारी उजाडला की सी.ए.चा फोन येतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ओपीडी संपता संपता विमा एजंट येऊन बसतो. "सर, अजून पन्नास हजारांची जागा शिल्लक आहे," हे त्याचे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलेले नाही? बाहेर सात बालके रडत असतात, आपण जेथे खूण केली आहे तेथे सह्या करतो. पॉलिसी किती वर्षांची, संरक्षण किती, परतावा किती, यांपैकी एकही प्रश्न आपण विचारत नाही. एखाद्या बालकाला औषध लिहून देताना आपण वजन पाहतो, मात्रा मोजतो, जुनी ॲलर्जी विचारतो. स्वतःच्या वीस वर्षांच्या कमाईबाबत मात्र तेवढीही चौकशी नाही.

मी याला अपवाद नव्हतो. २००३ साली मी २० वर्षांची अशीच एक पॉलिसी घेतली. वार्षिक हप्ता २५ हजार, विमा संरक्षण ५ लाख. २०२३ मध्ये ती पूर्ण झाली व हाती ९ लाख २० हजार रुपये आले. धनादेश पाहून आनंद झाला. मुलाने संगणकावर हिशोब मांडून दाखविला तेव्हा कळले की, हा परतावा वर्षाला सुमारे साडेपाच टक्के पडला. त्याच वीस वर्षांत पीपीएफचा व्याजदर ७.१ ते ८.८ टक्क्यांच्या दरम्यान होता. सरासरी ८ टक्के धरले तरी तीच रक्कम पीपीएफमध्ये १२ लाख ३५ हजारांच्या आसपास झाली असती. आणि विमा म्हणाल, तर माझ्या पश्चात ५ लाखांत कुटुंबाचे किती दिवस निघाले असते? ना धड विमा, ना धड गुंतवणूक.

मार्चच्या घाईची किंमत अगदी पीपीएफमध्येही मोजता येते. या खात्यात महिन्याच्या ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी किमान शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचे व्याज मिळते. म्हणजे ५ एप्रिलपूर्वी भरलेल्या रकमेला वर्षभराचे व्याज, आणि ३१ मार्चला भरलेल्या रकमेला त्या वर्षी शून्य. २०२० च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ७.१ टक्के दराने दरवर्षी दीड लाख रुपये एप्रिलच्या आरंभी भरले, तर पंधराव्या वर्षाअखेर सुमारे ४० लाख ६८ हजार रुपये होतात. तेवढेच हप्ते दरवर्षी ३१ मार्चला भरले, तर सुमारे ३७ लाख ९८ हजार. खिशातून गेलेली रक्कम तीच, साडेबावीस लाख. फरक २ लाख ७० हजारांचा. ही निव्वळ आळसाची फी आहे.

नवीन करप्रणाली: गोडी काढून घेतलेले औषध

२०२० च्या अर्थसंकल्पात नवीन करप्रणाली आली. दर कमी, पण ८०सी, वैद्यकीय विम्याची ८०डी, राहत्या घराच्या कर्जावरील व्याज अशा बहुतेक वजावटी बंद. प्रारंभी ती फारशी कोणी स्वीकारली नाही. २०२३-२४ पासून तीच मूळ प्रणाली ठरली. जुनी हवी असल्यास तसे सांगावे लागते. २०२५ च्या अर्थसंकल्पाने २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी तिचे दर असे ठरविले: ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ लाख ५ टक्के, ८ ते १२ लाख १० टक्के, १२ ते १६ लाख १५ टक्के, १६ ते २० लाख २० टक्के, २० ते २४ लाख २५ टक्के, त्यापुढे ३० टक्के. करावर ४ टक्के उपकर. एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास ६० हजारांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्यांची ही मर्यादा पावणेतेरा लाख होते. व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला प्रमाणित वजावट नाही, हे लक्षात ठेवावे.

या १२ लाखांच्या सवलतीबाबत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्यावरील विशेष दराच्या कराला ती सवलत लागू होत नाही. एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असले तरी शेअरच्या अल्पमुदतीच्या नफ्यावर कर भरावा लागू शकतो.

आता एक उदाहरण पाहू. एका तरुण महिला डॉक्टरची वर्षाची एकूण फी ४० लाख रुपये आहे. १९६१ च्या कायद्यातील कलम ४४एडीए खाली ती अर्धी रक्कम, म्हणजे २० लाख रुपये, उत्पन्न म्हणून दाखवते. तिने ८०सीचे दीड लाख भरले, स्वतःच्या व ज्येष्ठ आई-वडिलांच्या वैद्यकीय विम्याचे ७५ हजार भरले, घरकर्जाचे व्याज २ लाख दिले. एकूण वजावट सव्वाचार लाख. जुन्या प्रणालीत उरलेल्या पावणेसोळा लाखांवर उपकरासह कर होतो २ लाख ९६ हजार ४०० रुपये. नवीन प्रणालीत कोणतीही वजावट न घेता २० लाखांवर कर होतो २ लाख ८ हजार रुपये. म्हणजे ८८ हजार ४०० रुपयांनी कमी. जुनी प्रणाली तिला फायद्याची ठरण्यासाठी सात लाखांहून अधिक वजावटी हव्यात. उत्पन्न २४ लाखांच्या वर गेले की हा आकडा पावणेआठ लाखांवर पोहोचतो. घरभाडे भत्ता व मोठे गृहकर्ज असलेल्या काही पगारदारांना जुनी प्रणाली अजूनही परवडते. आपल्यापैकी बहुतेकांना ती परवडत नाही.

येथे डॉक्टरांसाठी एक इशारा आहे. पगारदार मनुष्य दरवर्षी प्रणाली बदलू शकतो. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला ती मुभा नाही. विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी विहित अर्ज भरून तो जुन्या प्रणालीत राहू शकतो. पण तेथून एकदा नवीन प्रणालीत परतला की व्यवसायाचे उत्पन्न आहे तोवर त्याला पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. म्हणून दोन-तीन वर्षांचा अंदाज घेऊन, आपल्या सी.ए.समोर बसून हा निर्णय करावा. फोनवर "जे योग्य वाटेल ते करा" असे सांगू नये. रुग्णाच्या नातेवाइकाने आपल्याला तसे सांगितले तर आपण किती अस्वस्थ होतो!

व्यवसायाशी निगडित आणखी काही नियम थोडक्यात सांगतो. कलम ४४एडीएची सोय २०१६ च्या अर्थसंकल्पाने आणली. तिची मर्यादा ५० लाखांची आहे. रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसेल तर २०२३-२४ पासून ७५ लाखांची. यात किमान निम्मी जमा उत्पन्न धरली जाते. प्रत्यक्ष नफा अधिक असेल तर अधिकच दाखवणे योग्य. ही सोय घेणाऱ्याला अग्रिम कर एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत, भरता येतो. इतरांना १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या चार तारखा पाळाव्या लागतात. २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एका प्रसंगासाठी २ लाख रुपये किंवा अधिक रोख घेण्यास बंदी आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच आहे. नर्सिंग होमच्या काउंटरवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला हे माहीत असायलाच हवे. तसेच १ जुलै २०२२ पासून औषध कंपनीकडून वर्षात २० हजारांहून अधिक मूल्याची भेट वा सहल मिळाल्यास त्यावर १० टक्के टीडीएस कापला जातो आणि ती रक्कम आपल्या उत्पन्नात दिसते. अशा भेटी न स्वीकारणे हा सर्वांत सोपा करसल्ला होय!

शिवाय कायदाच बदलला आहे. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारा म्हणून मंजूर झाला. त्यात 'मागील वर्ष' आणि 'कर-निर्धारण वर्ष' हा गोंधळ संपून एकच 'कर वर्ष' आले. कलमांचे क्रमांकही बदलले. आपल्या ओळखीचे ८०सी तेथे कलम १२३ झाले आणि नवीन करप्रणालीचे कलम २०२. २०२५-२६ या वर्षाचा हिशोब मात्र जुन्याच कायद्याने होतो. दर व मर्यादा दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, हे ध्यानात ठेवून वरील आकडे वाचावेत.

'जागा' उरली नाही, मग बचत कशासाठी?

नवीन प्रणालीत 'पन्नास हजारांची जागा' राहिली नाही. अनेक तरुण डॉक्टर मला सांगतात, "सर, आता वजावटच मिळत नाही, मग गुंतवणूक कशाला करायची?" या प्रश्नातच आपला जुना आजार दडलेला आहे. आपण कुटुंबासाठी बचत करीत होतो की केवळ कर वाचवत होतो? वजावट गेल्यामुळे आता प्रत्येक रुपया कोठे व कशासाठी ठेवायचा, याचे उत्तर स्वतःलाच द्यावे लागेल. मला ते भाग्याचे लक्षण वाटते. लसीकरणात जसा क्रम असतो तसा येथेही आहे. तो मी मला समजला तसा मांडतो.

पहिली पायरी: कमावत्या माणसाचा विमा. माझ्याकडे पहिल्या लशीसाठी येणाऱ्या बाळांच्या वडिलांपैकी कितीतरी जण अभिमानाने सांगतात, "साहेब, बाळाच्या नावाने पॉलिसी घेतली." भावना समजते, पण बाळावर कोणाचे पोट अवलंबून नाही. विमा बाळाच्या वडिलांचा आणि कमावत्या आईचा हवा. त्यासाठी शुद्ध टर्म विमा घ्यावा. मुदतीअखेर त्यातून काही परत मिळत नाही, म्हणूनच त्याचा हप्ता कमी असतो. आमचा मित्र दरवर्षी जे २ लाख ८० हजार भरत होता, त्याच्या लहानशा भागात त्याला कर्ज फेडून घर चालेल एवढे संरक्षण मिळाले असते. रक्कम ठरवताना सर्व कर्जे अधिक कुटुंबाचा किमान १० ते १५ वर्षांचा खर्च एवढा हिशोब करावा.

विवाहित पुरुष डॉक्टरांनी एक जुना कायदा अवश्य माहीत करून घ्यावा. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ताविषयक कायद्याच्या कलम ६ नुसार पत्नी व मुलांच्या लाभासाठी घेतलेली पॉलिसी ही विश्वस्त निधी ठरते आणि सामान्यतः धनकोंना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. नर्सिंग होमचे कर्ज आणि नुकसानभरपाईचे दावे यांच्या छायेत वावरणाऱ्या आपल्या व्यवसायाला याचे मोल मोठे आहे. मात्र तशी नोंद पॉलिसी घेतानाच करावी लागते.

दुसरी पायरी: वैद्यकीय विमा. डॉक्टरांना वाटते, "आपल्याला कोण पैसे मागणार?" आता मोठ्या रुग्णालयांत ते दिवस राहिले नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्यावरील जीएसटी रद्द झाला आहे. वजावट मिळो वा न मिळो, हा विमा हवाच.

तिसरी पायरी: अडीनडीचा पैसा. किमान सहा महिन्यांचा घरखर्च, कर्जाचे हप्ते आणि कर्मचाऱ्यांचा पगार बचत खात्यात व मुदत ठेवीत असावा. २०२० च्या टाळेबंदीत आपली नियमित ओपीडी बंद होती, पण परिचारिकांचे पगार बंद करता येत नव्हते. अशा ठेवी एकाच बँकेत ठेवू नयेत. २००१ च्या मार्चमध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक अडचणीत आली तेव्हा गुजरातभरातील ठेवीदार हवालदिल झाले होते, हे आपल्या बडोद्यातील ज्येष्ठांना आठवत असेल. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला केवळ १,००० रुपये काढण्याची परवानगी होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेवींवरील विमा १ लाखावरून ५ लाख झाला. एका बँकेच्या सर्व शाखांतील मुद्दल व व्याज मिळून एका ठेवीदाराला ५ लाख, हे त्यात ध्यानात ठेवायचे. अर्ध्या टक्क्याच्या अधिक व्याजासाठी आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी ठेवणे शहाणपणाचे नाही.

चौथी पायरी: दीर्घ मुदतीची गुंतवणूक. ज्या शहरात महाराजा सयाजीरावांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदाची स्थापना केली, त्या शहरात वाढूनही आपल्या मराठी घरांत मुदत ठेव आणि सोने यांपलीकडे पाऊल क्वचितच पडले. माझे वडील शेअरबाजाराला सट्टाच म्हणत. उलट माझे गुजराती रुग्णपालक आजही तपासणी आटोपल्यावर हळूच विचारतात, "साहेब, कयो शेर लेवो?" मला वाटते, दोन्ही टोके टाळावीत. २००८ च्या जानेवारीत २१ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स २००९ च्या मार्चमध्ये ८ हजारांच्या घरात होता. २०२० मध्ये जानेवारीतील ४२ हजारांवरून मार्चमध्ये तो २६ हजारांच्या आसपास आला. दोन्ही वेळा तो पुढे सावरला, पण ज्याला नेमक्या त्याच वेळी मुलीची फी भरायची होती त्याला त्याचा काय उपयोग? म्हणून पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरबाजारात नको. दहा-पंधरा वर्षांनी लागणारा पैसा मात्र सगळाच मुदत ठेवीत ठेवला, तर महागाई तो कुरतडते.

अशा पैशासाठी बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा, कमी खर्चाचा इंडेक्स फंड आणि दरमहा ठरावीक रक्कम भरण्याची एसआयपी हा सामान्य माणसाला झेपणारा मार्ग आहे. जोडीला पीपीएफ असावा. वजावट नसली तरी त्याचे व्याज करमुक्तच आहे. दहा वर्षांखालील मुलगी असेल तर जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना आहे. २३ जुलै २०२४ पासून इक्विटीवरील एका वर्षाहून अधिक काळाच्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखापर्यंत सूट देऊन, साडेबारा टक्के कर आहे. त्याहून कमी काळासाठी २० टक्के. म्हणजे धीराला कायद्यानेही थोडे बक्षीस ठेवले आहे.

आपल्या व्यवसायात या धीराला एक मर्यादा असते. एमबीबीएस, इंटर्नशिप, एमडी, पुढे एखादी सुपरस्पेशालिटी. हाती नियमित पैसा येईतो तिशी उलटते. बरोबरीचा अभियंता बाविसाव्या वर्षी कमावू लागलेला असतो. दरमहा १० हजार रुपये, वार्षिक १० टक्के परतावा धरून, २० वर्षे गुंतवले तर सुमारे ७६ लाख ५० हजार होतात. तेच १५ वर्षे गुंतवले तर सुमारे ४१ लाख ८० हजार. पाच वर्षांच्या दिरंगाईत भरायचे राहिले फक्त ६ लाख, पण हातून गेले जवळजवळ ३५ लाख. १० टक्के हा परतावा हमखास नाही. चक्रवाढ व्याजाला वेळ किती लागतो, हे दाखविण्यापुरताच तो धरला आहे. नवी गाडी दोन वर्षांनी घ्या, पण गुंतवणूक पहिल्या महिन्यापासून सुरू करा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

ज्येष्ठांसाठी दोन शब्द

मंडळाचे अनेक वाचक निवृत्त आहेत. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठ नागरिकांच्या बँक ठेवींवरील व्याजावर टीडीएसची मर्यादा वर्षाला ५० हजारांवरून १ लाख झाली. करदायित्व शून्य असेल तर वर्षाच्या आरंभीच बँकेत तसे स्वयंघोषणापत्र द्यावे, म्हणजे कापलेली रक्कम परत मिळण्याची वाट पाहावी लागत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून १५ लाखांवरून ३० लाख झाली आहे. निवृत्तिवेतन व व्याज मिळून उत्पन्न १२ लाखांच्या आत असणाऱ्यांनी केवळ कर वाचविण्यासाठी पाच वर्षे पैसे अडकवून ठेवण्याचे कारण नवीन प्रणालीत उरत नाही. आणि सत्तरीत कोणी १५ वर्षांची विमा पॉलिसी 'गुंतवणूक' म्हणून सुचवली, तर चहा पाजून त्याला निरोप द्यावा.

शेवटचा कागद

गुंतवणूक कितीही उत्तम असली तरी ती योग्य हाती पोहोचली नाही तर व्यर्थ. प्रत्येक खाते, पॉलिसी, फंड यांवरील नॉमिनीचे नाव वर्षातून एकदा तपासावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार नॉमिनी नेमता येतात. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. शेअर व कंपनीच्या रोख्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये हे स्पष्ट केले आहे की, नॉमिनीला मालकी मिळत नाही. मालकी वारसाहक्क वा मृत्युपत्रानुसार ठरते. म्हणून साधेच का होईना, दोन साक्षीदारांच्या सहीचे मृत्युपत्र करावे. आपण दररोज मृत्यू जवळून पाहतो, तरी स्वतःच्या मृत्युपत्राला आपण अशुभ मानतो, हे खरोखर नवल आहे.

वहिनींनी पुढे नर्सिंग होम विकले. कर्ज फिटले. त्या दोन पॉलिसींच्या रकमेसाठी वारसाचे कागद गोळा करण्यात अकरा महिने गेले. मुलाचे एमडीचे शिक्षण थांबले नाही, याचे श्रेय वहिनींच्या जिद्दीला आहे. आमच्या मित्राच्या नियोजनाला नाही, हे दुःखाने लिहावे लागते. तो निष्काळजी मुळीच नव्हता. दरवर्षी मार्चमध्ये त्याने कर वाचवला होता आणि आपण कुटुंबाची तरतूद केली, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

त्या रात्री वहिनी गेल्यावर टेबलावरची पेन्सिल उचलून माझ्या पत्नीने विचारले, "आपली फाईल कुठे आहे हो?" मला ती सापडायला दीड तास लागला. पुढील चार रविवार आम्ही दोघे त्या फाईलसमोर बसलो. आता आमच्या कपाटात सर्वांत वर एकच कागद असतो: कोणत्या बँकेत काय, कोणती पॉलिसी, कोणते कर्ज, सी.ए.चा क्रमांक आणि मृत्युपत्र कोठे ठेवले आहे. दर एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही तो नव्याने लिहितो. पीपीएफची रक्कमही त्याच आठवड्यात, ५ तारखेपूर्वी भरतो.

वाचकहो, स्मरणिका वाचून बाजूला ठेवाल तेव्हा एवढेच करावे. घरातील फाईल काढून ती आपल्या जोडीदारासमोर उघडावी आणि वहिनींनी विचारलेला प्रश्न स्वतःला विचारावा: यातून नक्की किती मिळतील? उत्तर पाच मिनिटांत देता आले नाही, तर उपचाराला आजच प्रारंभ करावा. मार्चची वाट पाहू नये.